पाव फेरी

"आधी कुणाचं उघडू?" तारकुंडे मॅडमनी विचारलं. त्यांच्या हातात दोन खाकी पाकिटं होती. एकावर मुरलीचं नाव, दुसऱ्यावर माझं.

"माझं," मुरली म्हणाला.

"कांगणे, घाई कसली? चहा तर घे," अन्वर म्हणाला. अन्वर आमच्यात सगळ्यात सीनियर आणि सगळ्यात वाह्यात. "पुन्हा हीटर निघाला तर चहा कडू लागेल."

"कडू तर तसाही लागतोय. तूच केलायस ना आज?"

सगळे हसले. मीही हसले. सोमवारची सकाळ होती, अकरा वाजले होते, आणि मुरलीनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

संस्थेतल्या आमच्या खगोलशास्त्राच्या गटात एक रीत होती. कुणाला काही नवं सापडलं की त्यानं तो आकडा कागदावर लिहायचा, पाकिटात घालून डिंकानं चिकटवायचा आणि मॅडमकडे द्यायचा. मग मॅडम तोच कच्चा डेटा दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या. काय शोधायचं तेवढं सांगायच्या, काय सापडलंय ते सांगायच्या नाहीत. दुसऱ्यानं पहिल्यापासून सगळं स्वतः करायचं आणि आपलंही पाकीट चिकटवायचं. तोवर त्या दोघांनी त्या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. चिकटवलेलं पाकीट परत मागायचं नाही. सोमवारच्या चहाला सगळ्यांसमोर दोन्ही उघडायची. आकडे जुळले तरच ती गोष्ट त्या खोलीच्या बाहेर जायची. मॅडम याला 'साक्ष' म्हणत. इतर गटातले लोक हसायचे, पण तारकुंड्यांच्या गटाचा शोधनिबंध मागे घ्यावा लागला, असं एकदाच घडलं होतं. ते मुरलीमुळे, आणि तेव्हा साक्षीची रीत नव्हती. त्यानं एका ताऱ्याचे ठोके म्हणून जे जाहीर केलं, ते उपग्रहावरचा हीटर ठरावीक वेळानं चालू-बंद होत असल्यामुळे निघालं होतं. रीत त्यानंतर सुरू झाली. 'हीटरवाला' हे नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच.

त्या सोमवारचा विषय होता 'शेहेचाळीस'. त्या ताऱ्याच्या लांबलचक सरकारी नावाचे शेवटचे दोन आकडे ते, म्हणून आम्ही तसं म्हणायचो. तारा म्हणजे खरं तर दोन ताऱ्यांची जोडी, एकमेकांभोवती फिरणारी. एक साधा, फुगलेला. दुसरा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त आणि रुंदी शनिवारवाड्यापासून खडकवासल्याच्या धरणापर्यंतच्या अंतराएवढी. फुगलेल्याचा वायू या दुसऱ्यावर कोसळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. दुसऱ्याचं चुंबकत्व जबर असेल तर वायू त्याच्या दोन ध्रुवांवरच पडतो, आणि तारा स्वतःभोवती फिरताना ते तापलेले ठिपके दीपगृहाच्या झोतासारखे आपल्यावरून जातात. तेच ठोके. ते मिळाले की ताऱ्याला तराजूत घालता येतं. शेहेचाळीसचे ठोके वीस वर्षांत कुणालाही मिळाले नव्हते. माझा प्रबंधही शेहेचाळीसवरच होता. चार वर्षं मी तिच्या प्रकाशाचे रंग मोजत होते. मला कधी ठोका दिसला नाही.

मॅडमनी मुरलीचं पाकीट फाडलं.

"तीन पूर्णांक एकशे ब्याऐंशी सहस्रांश सेकंद," त्यांनी वाचलं. "तीन वेगवेगळ्या तुकड्यांत." चष्म्यावरून त्यांनी मुरलीकडे पाहिलं. "तीनही तुकड्यांत?"

"हो मॅडम. थोडा थोडा सरकतोय, पण कक्षेत फिरतोय म्हटल्यावर सरकणारच की."

अन्वरनं शिटी मारायला ओठ गोल केले आणि मॅडमकडे बघून परत मिटले.

मग माझं पाकीट. मॅडमनी कागद काढून वाचला.

"ठोके नाहीत," त्या म्हणाल्या. "असलेच तर एकूण उजेडाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी."

मुरलीनं कप खाली ठेवला. त्याच्या हिशेबानं ठोके दोन टक्क्यांचे होते. अर्ध्या टक्क्यात ते लपणं शक्य नव्हतं. दोघांपैकी एक जण चूक होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"निवेदिता," मॅडम म्हणाल्या, "काल संध्याकाळी तुझा फोन आला होता. मी सांगलीला लग्नात होते, नीट ऐकू आलं नाही. तुला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर सांग."

"ते माझ्या शिफारसपत्राबद्दल होतं, मॅडम. जर्मनीचं."

"ते सगळ्यांसमोर?"

"म्हणजे... नंतर बोलते."

"बरं."

"मी एक विचारू का?" मुरली म्हणाला. पाकिटं उघडल्यावर विचारायला मुभा होती.

"विचार."

तो माझ्याकडे वळला. "कक्षेची वेळ कुठून घेतलीस?"

"जुन्या निबंधातून. सगळे घेतात तीच."

"ते ग्रहणाची वेळ देतात. न्यूट्रॉन तारा दुसऱ्याच्या बरोब्बर मागं असतो ती. आपला प्रोग्रॅम ती मागत नाही. न्यूट्रॉन तारा आपल्यापासून सगळ्यात जोरात लांब पळत असतो, ती वेळ तो मागतो. त्या दोन्हीत पाव फेरीचा फरक आहे." तो अगदी सावकाश बोलत होता, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं. "पाव फेरी मागं सरकवली होतीस का?"

अन्वर म्हणाला, "अरे, तिला काय शाळेतली समजतोस?"

"मी तिला विचारतोय."

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो म्हटलं ना, मुरली."

त्यानं मान हलवली. आणखी काही विचारेल असं वाटलं, पण त्यानं कप उचलून उरलेला चहा संपवला.

मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "मुरली, तुझी पीएच.डी.ची पाच वर्षं मार्चमध्ये संपतायत. उद्या मुदतवाढीच्या कमिटीपुढे बसायचंय मला. हे जुळलं असतं तर मी तिथे भांडले असते. आता काय सांगू?"

"मला आणखी एकदा बघू द्या."

"तुझ्यासाठी आणखी एकदा नेहमीच असतं." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "निवेदिताची साक्ष आजवर चुकलेली नाही. अकरा वेळा. तुझं एकदा जगजाहीर चुकलंय. तू माझ्या जागी असतास तर कुणाचं धरलं असतंस?"

मुरलीनं खरोखर विचार केला. तसा होता तो. प्रश्न विचारला की त्याचं उत्तर शोधायचा.

"तिचं," तो म्हणाला.

मंगळवारी कमिटी झाली. मुदतवाढ मिळाली नाही. 'उपलब्ध कामावरून प्रबंध पूर्ण करावा' असं पत्र आलं, पण त्याचं उपलब्ध काम म्हणजे शेहेचाळीसच होती. ती नाही म्हटल्यावर दोन अर्धवट प्रकरणं उरत होती, आणि दोन अर्धवट प्रकरणांचा प्रबंध होत नाही.

मार्चच्या शेवटी तो गावी, जिंतूरला निघाला. वसतिगृहाच्या जिन्यावरून त्याची पुस्तकं खाली आणायला आम्ही सगळे होतो. अन्वर एक खोकं डोक्यावर घेऊन हमालासारखा ओरडत होता, "बाजूला व्हा, ज्ञान चाललंय!" मुरली हसत होता. रिक्षात खोकी लावून झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"व्हिसा आला?"

"पुढच्या आठवड्यात येईल."

"थंडी लई असते म्हणे तिकडं. कानटोपी इथूनच ने." मग म्हणाला, "शेहेचाळीसकडं परत बघशील का कधी?"

"बघीन."

"बघ," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

आता त्या सोमवारच्या आधीचा रविवार सांगायला हवा.

मी शुक्रवारी पाकीट चिकटवून दिलं होतं. शनिवारी केस धुतले, जर्मनीचे फॉर्म भरले. रविवारी दुपारी माझ्या प्रबंधातल्या एका आकृतीसाठी मला शेहेचाळीसची ग्रहणं कागदावर मांडून बघायची होती. वर्तुळ काढलं, त्यावर ग्रहणाची जागा मांडली, आणि प्रोग्रॅम जी वेळ मागतो ती जागा मांडायला गेले तर ती दुसरीकडे आली. पाव वर्तुळ अलीकडे. मी कागद फिरवून पाहिला. मग पाकिटासाठी केलेली फाइल उघडली. तिथे ग्रहणाची वेळ जशीच्या तशी होती. जिथे तारा आपल्याकडे येत होता तिथे मी ठोक्यांच्या वेळेला भलतीच दुरुस्ती लावली होती, आणि जिथे लांब जात होता तिथेही. त्या एका ओळीनं दीड दिवसाचं निरीक्षण असं विस्कटलं होतं, की त्यात कुठलाही ठोका उरला नसता.

ओळ बदलून मी तेच काम गटाच्या सामायिक मशीनवर पुन्हा लावलं. कक्षेचा आकार माहीत नव्हता, त्यामुळे शंभरेक आकार घालून बघायचे होते. संध्याकाळी पाच वाजता उत्तर आलं. पडद्यावर सगळीकडे गवतासारखी खुरटी रेघ, आणि मधोमध एक सुळका. मी सुळक्यावर बाण नेला. ३.१८२.

चार वर्षं मी जिच्याकडे पाहत होते, तिचे ठोके मला दिसले तेव्हा मला आनंद झाला नाही, हे मला आजही नीट आठवतं. माझ्या मनात आलं ते इतकंच, की मुरलीला काय सापडलंय ते मला आता कळलं. पाकिटात काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण हेच असणार.

मी मॅडमना फोन लावला. मागे सनई वाजत होती. "मॅडम, माझ्या साक्षीत—" "काय? ऐकू येत नाही ग. उद्या बोल, सगळ्यांसमोर बोल." फोन ठेवला तेव्हा मी सांगणारच होते. सोमवारी पावणेअकरापर्यंत सांगणारच होते. मग शिफारसपत्र वाचायला म्हणून मॅडमनी मला आत बोलावलं. त्यात एक वाक्य होतं. 'तिच्या तपासणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.' मॅडमनी त्याखाली सही केलेली होती. पंधरा मिनिटांनी मी चहाला आले, आणि पुढचं वर सांगितलं आहे.

मी शेहेचाळीसकडे परत कधी पाहिलं नाही. जर्मनीत दुसरा विषय घेतला. चार वर्षांनी जपानच्या एका गटाचा निबंध आला. नवा उपग्रह, नवं यंत्र. ३.१८२. मी तो ऑफिसात दार लावून वाचला. आमच्या संस्थेचा उल्लेख पहिल्याच पानावर होता: 'यापूर्वीच्या शोधात ठोके आढळले नाहीत', आणि कंसात माझा प्रबंध; त्यात मी शेवटी तसंच लिहिलं होतं. मॅडमचं त्यावर दोन ओळींचं ईमेल आलं. 'पाहिलंस? आपल्याला कसं दिसलं नाही?' मी लिहिलं, 'आपला डेटा कमी पडला असेल.'

मग मी बंगळुरूला नोकरीला आले, आणि आणखी चार वर्षांनी, जानेवारीत, जिंतूरहून मुरलीचं पत्र आलं. 'मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान दिनाला पाहुणी म्हणून येशील का? पोरांना न्यूट्रॉन ताऱ्यांवर ऐकायचंय.'

मी गेले. बोलावलं नसतं तर गेले नसते, पण बोलावल्यावर न जाणं मला जमलं नाही. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेले.

स्टँडवर घ्यायला तो स्वतः आला होता, मोटरसायकल घेऊन. केस विरळ झालेले. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सतरंज्या टाकायचं काम हॉलमध्ये चालू होतं, त्याचा आवाज येत होता. शिपायानं पोहे आणले.

"इथे कायम झालास का?" मी विचारलं.

"कुठलं? तासिका तत्त्वावर. दर जूनला नवीन ऑर्डर, दर एप्रिलला घरी. पीएच.डी. नाही ना." चमच्यानं त्यानं पोह्यातली मिरची बाजूला सारली. "खा, खा. गार होतील."

"मुरली, मला तुला एक सांगायचंय."

"रविवारचं?"

हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक दोन.

"तुला कसं माहीत?"

"मी पण तेव्हा मशीनवरच होतो की. माझं एक मोठं काम चालू होतं. कामांच्या यादीत बघितलं तर माझ्या खाली तुझं काम अडकलेलं. फाइलचं नाव होतं 'शेहेचाळीस पावफेरी'." तो हसला. "मी म्हटलं, सापडली हिला चूक. माझं काम मी बंद करून टाकलं, तुझं लवकर संपावं म्हणून. नाहीतर तुला मध्यरात्र झाली असती. मग खोलीवर जाऊन झोपलो. काय झोप लागली निवेदिता! पाच वर्षांत तशी लागली नव्हती. सकाळी शर्टाला इस्त्री केली."

मला पोह्यांची ताटली खाली ठेवावी लागली.

"मग तू सोमवारी बोलला का नाहीस? मॅडमना यादी दाखवली असतीस तर—"

"साक्षीदाराला कुणी शिकवतं का? मी ओढून काढलेली साक्ष, ती कसली साक्ष. आणि हीटरवाल्याचं ऐकणार कोण होतं?" तो माझ्याकडे बघत नव्हता, शांतपणे खात होता. "विचारलं की मी तुला. दोनदा विचारलं."

"मी मॅडमना लिहिते. आजच लिहिते. त्या जपानच्या गटाला लिहिते."

"लिही की. पण मला काय सांगायलीस? त्यानं माझी ऑर्डर निघणार आहे का?"

"मग मला बोलावलंस कशाला?"

त्यानं चमचा ताटलीत ठेवला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा कडक झाला.

"पोरांनी कधी खरा खगोलशास्त्रज्ञ बघितलेला नाही. मी त्यांना गाईड वाचून सिलॅबस शिकवतो. तू बोल चांगलं. पोरं हुशार आहेत."

प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला. हॉलमध्ये दोनेकशे मुलंमुली होती, निम्मी खाली बसलेली. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं. शेहेचाळीसचं चित्र आलं की सांगायचं: हे ठोके पहिल्यांदा मोजणारा माणूस या हॉलमध्ये आहे. फार अवघड वाक्य नव्हतं. येताना बसमध्ये मी ते बारा-पंधरा वेळा घोकलं होतं.

व्याख्यान चांगलं झालं. मला ते येतं. दीपगृहाचा दाखला दिला, एक मुलगा आणि एक मुलगी पुढे बोलावून त्यांना एकमेकांभोवती फिरवलं, हॉल हसला. मुरली मागच्या भिंतीपाशी दिव्यांच्या बटणांजवळ उभा होता. चित्र बदललं की अंधार करायचा, परत उजेड करायचा, एवढं त्याच्याकडे काम होतं. शेहेचाळीसचं चित्र आलं. तोच सुळका, जपान्यांच्या निबंधातला. मी तोंड उघडलं. पहिल्या रांगेत प्राचार्य होते, संस्थेचे सचिव होते, स्थानिक वर्तमानपत्राचा एक जण वही घेऊन बसला होता. तो उद्या काय छापेल ते मला त्या क्षणी अक्षरन् अक्षर दिसलं. मी पुढच्या चित्रावर गेले.

शेवटी प्रश्न. मधल्या रांगेतली दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता.

"मॅडम, तुम्ही तो तीन सेकंदांचा तारा दाखवला. वीस वर्षं त्याचे ठोके कुणाला मिळाले नव्हते म्हणालात. मग पहिल्यांदा कुणाला मिळाले?"

मागे मुरलीनं दिवे लावले. मला वाटलं तो माझ्याकडे बघत असेल. तो त्या मुलीकडे बघत होता. आपल्या वर्गातल्या पोरीनं नेमका प्रश्न विचारला की शिक्षकाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

"जपानच्या एका गटाला," मी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी."

"त्यांची नावं, मॅडम?"

मी दोन नावं सांगितली. मुलगी वहीवर वाकली, अडली, शेजारणीला विचारू लागली. हॉलभर कुजबुज झाली.

तेव्हा मागून मुरलीचा आवाज आला, वर्गात येतो तसा, मोठा आणि स्वच्छ.

"फळ्यावर लिहून द्या, मॅडम. पोरं उतरवून घेतील."

फळा माझ्या पाठीशीच होता. शिपायानं खडू आणून दिला. मी वळले आणि मोठ्या अक्षरांत दोन्ही नावं लिहिली, मागच्या भिंतीपर्यंत दिसतील अशी.